तीनदा ओढलेलं कुलूप

तिसऱ्या मजल्यावरून तो खाली पोचला तेव्हा खांद्याला पिशवी होती, मुठीत किल्ली होती आणि पायांत चपलासुद्धा स्वतःच्याच होत्या. ही पिशवी दाराशेजारच्या खुंटीवर चार वर्षं तयार लटकत होती. कागदपत्रं, बॅटरी, औषधं, शिट्टी. घरातले तिला हसायचे. आज ती कामाला आली होती.

पहिल्या मजल्यावरची शिवणकामवाली गॅलरीतून ओणवी झाली. "अहो, तुमच्या खिडकीत धूर कसला? आणि नाना कुठायत?"

नाना, म्हणजे त्याचे वडील, वर होते. वॉकरशिवाय ज्यांना दोन पावलं टाकता येत नाहीत असे वडील. मघाशी कढईतलं तेल पेटलेलं त्यानं पाहिलं, पिशवी उचलली, बाहेर येऊन दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि रोजच्यासारखं तीनदा ओढून पाहिलं. तेल पेटलं कसं, तर ते तापत ठेवून हा पठ्ठ्या बेडरूममधल्या खिडकीची कडी नीट लागलीय का ते बघायला गेला होता.

तो जिने चढत सुटला. "आलो नाना, आलो!" किल्ली भोकात जाईना. आतून हूं की चूं नाही. कुलूप भक्कम होतं. चार दुकानं फिरून त्यानंच पारखून आणलेलं.

दार उघडलं. धूर होता, आग नव्हती. शेगडी बंद, कढईवर झाकण, वरची भिंत छतापर्यंत काळी. नाना वॉकर बाजूला लावून ओट्याला रेलून उभे होते आणि उजवा हात त्यांनी नळाखाली धरला होता.

"खिडकी उघड आधी," ते खोकत म्हणाले. "कडी इतकी घट्ट लावलीयस, मला निघेना."

त्यानं खिडकी उघडली. नानांना धरून खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. आता बोलायचं काय? लाजेनं त्याचे कान तापले होते.

नानांची सगळी नोकरी कारखान्यातल्या बॉयलरवर गेली होती. मुलगा गॅस, नळ, कड्या पुन्हा पुन्हा तपासायचा आणि म्हणायचा, "भीती वाटते हो मला, म्हणून बघतो." त्यावर नाना हसायचे. "ही कसली भीती? ही काळजी. बॉयलरचा काटा लाल रेषेवर गेला की वाटते ती भीती. तुझा काटा तर जागचा हललेला नाही." त्याला राग यायचा. यांना आपलं दुखणं कळतच नाही, असं वाटायचं. आज काटा लाल रेषेवर गेला. चार वर्षं त्यानं काळजी केली होती; घ्यायची वेळ आली तेव्हा पिशवी घेतली.

"नाना, मी..."

"असू दे. घाबरलास. खरोखरचा घाबरलास. घाबरतो माणूस."

"तुम्ही घाबरला नाहीत?"

"आगीला? छे. झाकण टाकलं की संपलं." नानांनी ग्लास खाली ठेवला. "कुलूप ओढल्याचा आवाज आला ना, एकदा, दोनदा, तीनदा... तेव्हा घाबरलो."

तेवढ्यात दार ढकलून बायको आत आली. दवाखान्यातली नर्स ती, अंगावर अजून ड्युटीचेच कपडे होते. "अगं बाई! हे काय झालं?"

"तेल पेटलं होतं," नाना लगेच म्हणाले. "यानं विझवलं. झटकन झाकण टाकलं."

"बघ! आणि म्हणे मी भित्रा!" तिनं कौतुकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. थाप पिशवीवर बसली. पिशवी अजून त्याच्या खांद्यालाच होती.

"ही कशाला घेतलीयस?"

मग तिचं लक्ष नानांच्या हाताकडे गेलं. भाजलेला हात ते मांडीखाली सारत होते. तिनं मनगट धरून हात उजेडात घेतला, बोटांची टोकं पाहिली, तळवा पाहिला. मग नवऱ्याचे हात पाहिले. ते स्वच्छ होते.

"झाकण कुणी टाकलं म्हणालात, नाना?"

नाना खिडकीबाहेर बघत राहिले. नानांनी त्याला वाट करून दिली होती. आताही गुपचूप त्या वाटेनं निसटता आलं असतं, म्हाताऱ्याला पुन्हा एकदा मागे ठेवून.

"मी खाली होतो," तो म्हणाला. "यांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं मी."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. चार शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं. एक शब्द न बोलता ती मलम शोधायला आत गेली.

त्यानं पिशवी उतरवली. ती खुंटीवर अडकवायचा त्याला धीर होईना, म्हणून पायाशीच ठेवली.

"किल्ली आण इकडे," नाना म्हणाले.

त्यानं दिली. नानांनी ती डाव्या हातानं सदऱ्याच्या खिशात टाकली. एकदा बघितलं की नाना पुन्हा म्हणून बघत नसत. घरात त्याला कायम त्यांचाच दाखला मिळायचा.

नानांनी खिसा चाचपला. थोडं थांबून पुन्हा चाचपला. मग आणखी एकदा.