आतली कडी

"अर्पिता, तुझी माय आली व. पिशवी घेऊन आली," धम्मशीलाताईंनी दारातूनच सांगितलं.

अर्पिताचे हात कणकेत तसेच राहिले. पिशवी आणली, म्हणजे न्यायलाच आली. मेहकरच्या, ताई चालवत असलेल्या या घरात अठराच्या आतल्या बेघर मुली राहत, त्याही थोड्या दिवसांपुरत्या. पुढची सोय झाली की निघायचं. माय न्यायला आल्यावर आणखी कसली सोय पाहणार?

"तू नाही म्हण, मी पाठवणार नाही," ताई हळूच म्हणाल्या. "पण भेट तरी."

बाहेर माय, पुष्पाबाई, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सुलतानपूरहून पहिल्याच गाडीनं निघाली असावी. पदर गालावर ओढलेला.

"वाळली व लेक माही."

"वाळली नाही. उंच झाली."

घरी बापाचा पट्टा निघाला की ही भिंतीकडे तोंड करून बसायची. मग म्हणायची, "चूप राह्य. आपलंच घर हाय." त्या आपल्या घरातून अर्पिता पळाली. ताईंना सापडेपर्यंत बसस्टँडवर राहिली.

पुष्पाबाई उठली. पिशवी हातातच ठेवून खोल्या पाहू लागली.

"निजता कुठी?"

"इथी. तिघीजणी."

"कडी आतून लागते?"

"लागते."

तिनं स्वतः लावून पाहिली. काढली. पुन्हा लावली.

"गडीमाणूस येते का अंदर?"

"नाही."

"जेवाले पोटभर?"

"आता इचारून राह्यली?" अर्पिता फणकारली. "तवा काऊन नाही इचारलं?"

ताईंनी चहा-पोळी आणून दिली. मायनं पोळी चहात पार भिजवली, एकाच बाजूनं चावली.

"दाढ दुखते," ती कोणी न विचारताच म्हणाली.

"माही बकरी कशी हाय?"

"शेजारच्या तानाबाईले देली."

"काऊन?"

"कोन पाहीन तिले?" एवढं बोलून तिनं अर्पिताला जवळ ओढलं. "बस इकडे. केस पाह्य कसे झाले."

माय वेणी घालू लागली. लहानपणी घालायची तशी घट्ट नाही. बोटं केसांतून हळूच फिरत होती. अर्पिताला ते मानेवर कळत होतं. या बोटांवर चिडून बसायला ती रोज शिकली होती, आणि आता रागच येईना. त्या घरात ही एकटी. मार खायला एकटी, भिंतीकडे पाहायला एकटी.

वेणी झाली. अर्पिता उठली, दोरीवरचे आपले दोन ड्रेस काढले.

"चाल. येते मी," ती म्हणाली. "तुह्यासाठी येते. त्याच्यासाठी नाही."

दारातल्या ताईंनी मान खाली घातली.

"दे पिशवी. कपडे भरते."

मायनं पिशवी पोटाशी धरली. "राहू दे."

"दे ना व!"

ओढाताणीत चेन निघाली. पिशवीत जागाच नव्हती. मायची पातळं, कुंकवाचा करंडा आणि फडक्यात गुंडाळलेला, तिनं माहेराहून आणलेला देव्हाऱ्यातला देवीचा टाक.

मायचा पदर खांद्यावर घसरला होता. अर्धा गाल काळानिळा.

तिनं तो झाकला नाही. कडीकडे पाहत, ताईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "इचारून पाह्य ना व त्याईले... मोठ्या बाईले ठेवतात का इथी?"