सत्तेचाळीस नकारांचा टाय

बडोद्याजवळच्या वाघोडियाच्या कंपनीनं नकार कळवला, तशी माझी नात मोहना फोन उशीखाली खुपसून आडवी झाली. "आजोबा, शुक्रवारी दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू आहे, त्याला मी जाणार नाही." मी कपाटातून निळा टाय काढला. निळा म्हणजे एके काळचा. आता राखेच्या रंगाचा. "आम्हा वाडीतल्या अकरा पोरांत हा एकच होता. गाठ मारता यायची फक्त मुकुंदाला, आणि तो रेल्वेत लागून भुसावळला गेला. मग गाठ न सोडता आम्ही हा डोक्यातूनच घालायचो. सत्तेचाळीस नकार पचवलेत यानं! एक साहेब तर मला बघून म्हणाले, 'ह्या टायला मी मागच्याच आठवड्यात नाही म्हटलंय.'" "ना होय! काय फेकता आजोबा!" असं अर्धं गुजरातीत म्हणत ती उठून बसली आणि हसता हसता तिनं टायचं मागचं टोक ओढलं. पन्नास वर्षांची गाठ सुटली. "मुकुंदानं मारलेली होती ती," मी म्हणालो. मुकुंद वारला त्यालाही सहा वर्षं झाली. त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं. मोहनानं टाय उजेडात धरला. गाठीच्या आत दडलेली पट्टी अजून गर्द निळी होती, आणला त्या दिवशी होती तशी. तिच्यावरून तिनं बोट फिरवलं. मग उशीखालून फोन काढून तिनं गाठीचा व्हिडिओ शोधला. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं. टाय माझ्या गळ्यात अडकवत म्हणाली, "शुक्रवारी हाच घालून मला सोडायला यायचं. नकार आला तर अठ्ठेचाळिसावा याच्याच नावावर."