जिऱ्याची गोळी

“चावून खाय, गियू नको,” म्हणत अन्नपूर्णाबाईंनी भाजल्या जिऱ्याची, गुळात वळलेली गोळी सुनेच्या तळहातावर ठेवली. दिवसातली तिसरी.

अश्विनीनं तोंड वाकडं केलं. वरणात जिरं, भाजीत जिरं, प्यायच्या पाण्यातही उकळलेलं जिरं. माहेरपणाला आलेली नणंद डिंपल फिदीफिदी हसली. “वहिनी, तुमच्या घामालेबी जिऱ्याचा वास येऊन राह्यला.”

“येऊ दे. जिऱ्यानं दूध उतरते,” अन्नपूर्णाबाई लेकीवर डाफरल्या. “तुह्या पोराले अंगावरून तोडलं, तवा दूध आटावं म्हनून पयले तुह्यं जिरंच बंद केलं होतं मी. इसरली काय?”

बाळ सातव्या महिन्यातच आलं होतं. सोनाळ्याहून त्याला थेट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, काचेच्या पेटीत ठेवलं. तिचा नवरा गोपाल तिकडंच होता. अश्विनीच्या अंगात उभं राहायचंही बळ नव्हतं, म्हणून ती घरी. तिनं लेकाचा फक्त एक तळपाय पाहिला होता, फडक्यातून बाहेर आलेला. नखं जिऱ्याहून बारीक.

तो घरी येईल त्या दिवशी आपण कोरडं असू नये, एवढीच तिला धास्ती. म्हणून ती गोळी मुकाट खायची. वेळेवर दूध वाटीत काढायची, आणि सासूबाई ती वाटी जास्वंदीच्या बुडाशी रिती करून यायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपालचा फोन सासऱ्यांना आला. वामनराव बोलत बोलत गोठ्याकडे गेले. बऱ्याच वेळानं परतले, ते थेट बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

दुपारी अन्नपूर्णाबाईंनी ताट आणलं. सुनेच्या केसांवरून हात फिरवला. “निजला हाये म्हने बाळ. रंगबी धरला म्हने. तू जेव.”

अश्विनी हसली. भाकरी मोडली. वरण बोटानं ढवळलं. मग तळापासून ढवळलं. जिऱ्याचा दाणा नव्हता. ताटात गोळीही नव्हती. तांब्यातलं पाणीही साधंच.

“आई, जिरं?”

“सरलं, माय.” त्या ताटाकडे बघत म्हणाल्या.

वाटीची वेळ झाली होती. ब्लाउज पुढून ओला होत होता. अश्विनी भिंतीला धरून उठली. एक एक पाऊल टाकत चुलीपाशी गेली.

फळीवर जिऱ्याची बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती.