मधला गोळा

"हा मधला गोळा पुसून टाका," एसटीचे साहेब म्हणाले. "इथं नवीन गेट येणार आहे."

पालमच्या बसस्टँडच्या फरशीवर शिवकन्यानं सकाळपासून रांगोळीचा नकाशा मांडला होता. पोरगी पुण्यात डिझाइन शिकायली. स्टँड नव्यानं बांधायच्या आधी इथं कुणाचं कुणावाचून अडतं ते बघू, म्हणून साहेबांनीच तिला बोलावलेलं. माणसागणिक एक गोळा, आणि ज्याचं ज्याच्याशी काम त्या दोघांत रेघ. सगळ्यात जास्त रेघा मधल्या गोळ्याला येऊन मिळाल्या होत्या. तो सुमनबाईच्या चहाच्या टपरीचा.

शिवकन्याचं तोंड उतरलं. "सर, पण तो काढला तर..."

"एकच गोळा तर पुसायचाय!"

सुमनबाईनं ऐकलं. तिनं गॅस बारीक केला, ओलं फडकं घेतलं आणि पदर खोचून थेट नकाशात उतरली.

"पोरीला नाहक कशाला तरास? मीच पुसते की. माझाच गोळा हाय."

एका फटक्यात गोळा साफ. साहेब खूश झाले.

"पण आता ह्या रेघा लोंबायल्यात," ती म्हणाली. "ह्यायला कुठं टांगू?"

आणि तिनं दूधवाल्या गोपाळची रेघ पुसली. मग कॉलेजच्या पोरांची. खेड्यातल्या आया रोज एसटीनं डबे पाठवायच्या, कंडक्टर ते टपरीवर ठेवायचा, पोरं तिथून न्यायची.

"गेले रे डबे! खावा आता बिस्किटं!"

बाकड्यावरचे लोक खिदळायले.

"अहो बाई, बाकीचं राहू द्या!" साहेब ओरडले.

"आसं कसं? अर्धं काम मला जमत न्हाई." फडकं सरकत सरकत साहेबांच्या गोळ्यापाशी आलं. त्याला मानानं पाकळ्या काढलेल्या. टपरीकडून एक रेघ त्यालाही गेली होती. सुमनबाईनं तीबी पुसली, लय हळू, चवीनं.

तेवढ्यात गाडी लागली. कंडक्टर दत्तराव दोन्ही हातांत डबे घेऊन उतरला आणि सवयीनं टपरीकडं वळला.

"तिथं ठिवू नका, दत्तराव. टपरी पुसली."

"कुणी?"

"मीच. साहेबांचा हुकूम."

"मंग ह्यो कुठं द्यायचा?" दत्तरावनं फडक्यात बांधलेला डबा वर धरला. "साहेबांच्या आईनं दिलाय. भाकर गरम हाय म्हणल्या, लवकर पोचवा."

सगळा स्टँड साहेबांकडं बघायला लागला. साहेबांनी हात पुढं केला.

"आज घ्या हातात," सुमनबाई म्हणाली. "उद्या कुठं उभं राहताव, तेवढं दत्तरावला सांगून ठिवा."

सुमनबाईनं शिवकन्याच्या हातातली रांगोळीची वाटी घेतली आणि साहेबांच्या नाकासमोर धरली.

"गोळा काढता येतो का तुमाला? न्हाई तर बसा खाली. शिकवते."