तोमिनागांचे कान

शेवटचं यंत्र ऐकायच्या खोलीत आलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. हिराओकाने तो सत्तावीस किलोंचा सीडी प्लेयर ढकलगाडीवरून हळूच टेबलावर सरकवला, तारा जोडल्या आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. तोमिनागा खुर्चीत बसले.

यानंतर ओकाया शहरातल्या या कारखान्यात सीडी प्लेयर बनणार नव्हता. लोक फोनवर गाणी ऐकत होते, तबकड्या कुणी विकत घेत नव्हतं, आणि लेझरचा भाग पुरवणाऱ्यांनीही हात वर केले होते. महिन्याभरापूर्वी ठरलेली ही गोष्ट अध्यक्षांनी सकाळी सगळ्यांना गोळा करून पुन्हा सांगितली. जुळणी विभागातल्या दोघी तर रडल्या. सगळे तोमिनागांकडे पाहत होते. एकतीस वर्षांत एकही यंत्र त्यांनी ऐकल्याशिवाय बाहेर पडलं नव्हतं. तोमिनागा मान खाली घालून उभे होते. ती वर केली असती, तर त्यांना किती हायसं वाटलंय ते कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

त्यांनी नेहमीची तबकडी लावली. व्हायोलिन सुरू झालं. चौथ्या मिनिटाला ते थांबतं आणि मागे कुठेतरी एक बारीक घंटी वाजते. तिचा नाद कसा विरतो, त्यावरून ते यंत्र पास करायचे, नाहीतर परत पाठवायचे. चौथं मिनिट आलं. तोमिनागांना नुसती शांतता ऐकू आली. गेली तीन वर्षं तेवढीच ऐकू येत होती.

तपासणीच्या कागदावर मारायला त्यांनी आपल्या नावाचा शिक्का उचलला. एवढा एक मारला की सुटलो, असं ते महिनाभर स्वतःला बजावत आले होते. पण हात पुढे जाईना.

"हे मला पास करता येणार नाही," ते म्हणाले.

"काही बिघडलंय?"

"यंत्राचं काही नाही. मला ती घंटी ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली."

बारा वर्षं त्यांच्या हाताखाली मोजमापाचं काम केलेली ही बाई आता अध्यक्षांना बोलावणार, असं त्यांना वाटलं. हिराओकाने दार लावून घेतलं आणि स्टूल ओढून ती त्यांच्यासमोर बसली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "आधी तुम्ही विसातलं एक तरी परत पाठवायचात. मग अचानक सगळीच पास व्हायला लागली. आमचं काम एका महिन्यात एवढं सुधारेल, यावर माझा विश्वास बसेना."

तेव्हापासून ती रोज सकाळी सातला, सगळ्यांच्या आधी येत होती. त्यांच्याकडे जाणारं प्रत्येक यंत्र आधी स्वतः ऐकत होती. घंटी कशी ऐकायची ते त्यांनीच तिला शिकवलं होतं. जरा शंका आली की मोजमापात चूक दाखवून ती ते परत जुळणीला पाठवायची.

तोमिनागांना पत्रं आठवली. दर हिवाळ्यात गिऱ्हाइकांची आभाराची पत्रं येत. तीन वर्षांत त्यातलं एकही त्यांना उघडवलं नव्हतं.

"म्हणजे खराब एकही गेलं नाही?"

"एकही नाही."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्हीच सांगाल म्हणून थांबले. नंतर नंतर तर बोलायची सोयच राहिली नाही." ती थोडी हसली. "खरं सांगू? सकाळी सगळे डोळे पुसत होते आणि माझ्या मनात एकच, की उद्यापासून सातला यायला नको."

तोमिनागांनाही हसू फुटलं. तपासणीचा कागद त्यांनी तिच्याकडे सरकवला. ऐकलंय तिने, तर शिक्काही तिचाच हवा, असं म्हणाले. तिने आढेवेढे घेतले, मग खिशातून आपला शिक्का काढून नीट दाबून मारला.

ती तारा सोडवायला यंत्रामागे वाकली आणि तिथूनच काहीतरी म्हणाली. एरवी अशा वेळी तोमिनागा नुसती मान डोलवायचे.

"इकडे तोंड करून बोल, बाई," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."