उघड्या दारातले गाऱ्हाणे

गुरुदासांच्या दिवंगत वडिलांनी ग्रामदेवतेला गावाच्या वतीने घातलेले गाऱ्हाणे एका कंपनीने देवस्थानाच्या संकेतस्थळावर ठेवले होते. ते ऐकण्यास मात्र त्या कंपनीचेच प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे सॉफ्टवेअर, लागे. पुढे ब्राउझरांनी प्लगइनला थारा देणे सोडले, आणि वडिलांचा आवाज एका करड्या चौकटीत कोंडला गेला. तेव्हा गुरुदासांची कन्या अनुजा हिने घरातली जुनी कॅसेट शोधली आणि तो आवाज कोणत्याही फोनवर उघडेल अशा साध्या, खुल्या पानावर ठेवला.

जत्रेच्या दिवशी कंपनीचा मितेश, मूळचा कोकणातल्याच खारेपाटणचा, करारपत्र घेऊन देवळाच्या पायरीशी आला.

"काका, असं उघड्यावर ठेवलंत तर कुणीही नेईल. ते पान काढा. आमच्या नव्या ॲपमध्ये सुरक्षित राहील."

"नेवंदेत रे झिला. माज्या बापाशीन कधी दार लावन गाऱ्हाणा घालूक नाय."

करारपत्र तसेच परत देऊन गुरुदास देवापुढे उभे राहिले. होकार देण्यास मंडळी रीतीप्रमाणे मागे हात जोडून उभी राहिली. मितेशनेही पायताण काढून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आवाज माज्या बापाशीचो, पण गाऱ्हाणा सगळ्या गावाचा. त्येका परत कुलूप घालूक जो कोण येयत, त्येका हयसूनच माघारी धाड रे म्हाराजा."



लहानपणापासूनच्या सवयीने, डोळे मिटून, सर्वांच्या आधी "व्हय म्हाराजा" म्हणाला, तो मितेशच.