काचेतला दाणा

काचेच्या ताटलीत मसुराएवढा तांबूस दाणा होता.

"मावशी, तुमच्या यजमानांच्या तपासणीसाठी काढलेला यकृताचा तुकडा आम्ही जपून ठेवला होता," डॉक्टर केतकी म्हणाल्या. "त्यातूनच हे यकृत वाढवलंय. जिवंत आहे."

तानूबाईंनी पदर सावरला. लोकांच्या द्राक्षबागांत औषध मारता मारता नवरा गेला. लिव्हरला चरबी चढली होती, म्हणून सगळी भावकी म्हणाली, चोरून पीत असणार.

डॉक्टरांनी दुसरी ताटली पुढे केली. तिच्यातला दाणा लोण्यासारखा पिवळट झाला होता.

"हासुद्धा त्यांचाच. याला दारूचा थेंबही दिला नाही, फक्त ते फवारणीचं औषध, तेही कणभर. पेशीच्या गाभ्यात कुलपं असतात. हे औषध त्यात किल्लीसारखं बसलं आणि पेशी चरबी साठवतच राहिली."

तानूबाईंनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मग तांबूस दाण्यावर वाकून त्या हळूच म्हणाल्या,

"अवो, ऐकलंसा न्हवं? उद्या समद्या भावकीला हितं घिऊन येते. तवर असंच ऱ्हावा."